गोलाप कॉलनीतील सत्यान्वेषी

रहस्यकथा वाचावी सर्वांनी आणि तिच्याविषयी बोलावे मात्र कोणी नाही, असा एक अलिखित संकेत आपल्या साहित्यव्यवहारात दीर्घकाळ चालत आलेला आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली; त्यांचे धनंजय, झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचले; परंतु वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्यांच्याकडे पाहिले ते बहुधा दाराच्या फटीतून. बंगालीत स्थिती थोडी निराळी आहे. तेथे रहस्यकथेला वैठकीच्या खोलीत बसावयास जागा मिळाली, आणि ती मिळवून देणाऱ्यांत शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या ब्योमकेश बक्षीला मराठी वाचक ओळखतो तो मुख्यतः १९९३ साली दूरदर्शनवर आलेल्या बासू चटर्जी यांच्या हिंदी मालिकेमुळे. ती ओळख सुखद असली तरी अपुरी आहे. ज्यांना नोकरीच्या निमित्ताने बंगालात राहून त्या भाषेशी थोडाफार परिचय करून घेता आला, त्यांनी मूळ कथा वाचाव्यात. आणि त्यांतही १९५३ सालची 'चिडियाखाना' ही दीर्घकथा अवश्य वाचावी, असे मला वाटते. ते का वाटते, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे. गुन्हेगार कोण, हे मात्र मी सांगणार नाही. टीकाकाराला इतर अधिकार असतील. वाचकाचा तेवढा आनंद हिरावून घेण्याचा नाही.

प्रथम लेखकाविषयी थोडे, कारण त्यात आपल्याला जवळचे वाटावे असे काही आहे. शरदिंदूंचा जन्म १८९९ साली जौनपूरचा. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, काही काळ वकिलीही केली. पुढे ती सोडून लेखन पत्करले. १९३२ मध्ये ब्योमकेशाच्या पहिल्या कथा आल्या. १९३८ मध्ये ते बाँबे टॉकीजसाठी पटकथा लिहावयास मुंबईस आले आणि १९५२ च्या सुमारास चित्रव्यवसाय सोडून पुण्यास स्थायिक झाले. मधल्या काळात पंधराएक वर्षे ब्योमकेश मौनात होता. १९५१ मध्ये लेखकाने त्याला पुन्हा बोलते केले. म्हणजे 'चिडियाखाना'तील कलकत्ता, तेथील उकाडा, तेथील माणसे, हे सारे महाराष्ट्रात राहणाऱ्या एका बंगाली गृहस्थाने लिहिलेले आहे. याच लेखकाने शिवकालातील सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या पराक्रमाच्या कथा बंगाली मुलांसाठी लिहिल्या, हेही लक्षात ठेवण्याजोगे. परप्रांतात राहणारा माणूस आपल्या प्रांताकडे एका विशिष्ट अंतरावरून पाहू लागतो. त्याला तपशील अधिक स्पष्ट दिसतात आणि भाबडेपणा कमी होतो. ज्यांची अर्धी हयात बदलीच्या गावी गेली आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

आता कथेकडे वळू. निशानाथ सेन नावाचे एक निवृत्त न्यायाधीश ब्योमकेशाकडे येतात. त्यांनी कलकत्त्याबाहेर जमीन घेऊन 'गोलाप कॉलनी' नावाची एक वसाहत उभारली आहे. फुले, भाजीपाला, दूधदुभते, कोंबड्या अशा उत्पन्नावर ती चालते. परंतु तिचे वैशिष्ट्य गुलाबांत नसून माणसांत आहे. ज्यांना समाजाने एकदा बाहेर टाकले आणि पुन्हा आत घेतले नाही, अशी माणसे निशानाथांनी तेथे गोळा केली आहेत. वैद्यकीचा परवाना गमावलेला आणि सतारीवर बोटे फिरवीत कडवट विनोद करणारा एक डॉक्टर आहे. चेहरा भाजून विद्रूप झालेला रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक आहे. त्याची तरुण मुलगी आहे. अफरातफरीबद्दल तुरुंगात जाऊन आलेला आणि नंतर वैष्णव बनलेला एक कारकून आहे. हाताची बोटे गमावलेला एक इसम, कानाच्या दुखण्याने पिडलेला एक मंदबुद्धी मुलगा, घोडागाडी हाकणारा अफूबाज मुष्किल मियाँ, आसरा शोधीत आलेली बनलक्ष्मी, असे हे कुटुंब आहे. शेजारीच युद्धकाळात अमेरिकन सैन्याने टाकून दिलेल्या मोटारींचे गंजत पडलेले ढिगारे आहेत. हे शेजार लेखकाने योजनापूर्वक घातलेले असावे. एका कुंपणापलीकडे युद्धाने वापरून फेकलेली यंत्रे आणि अलीकडे समाजाने वापरून फेकलेली माणसे. लेखक यावर एका वाक्याचेही भाष्य करीत नाही, हे त्याच्या संयमाचे लक्षण होय.

तर या निशानाथांची अडचण अशी, की रात्री त्यांच्या खिडकीतून कोणी तरी मोटारीचे सुटे भाग आत टाकते. चोरी नाही, दुखापत नाही. केवळ लोखंडाचे तुकडे. शिवाय त्यांना एका जुन्या प्रकरणाविषयी कुतूहल आहे. पूर्वी सुनयना नावाची एक नटी चित्रपटांत अल्पकाळ चमकली होती. मुरारी दत्त नावाचा एक श्रीमंत तरुण विषप्रयोगाने मेला आणि त्याच सुमारास ही नटी नाहीशी झाली. पोलिसांना ती सापडली नाही. प्रकरण थंडावले, जसे अशी प्रकरणे थंडावतात. ती सुनयना आपल्या वसाहतीत तर दडून राहिलेली नाही ना, हा निशानाथांचा संशय. ब्योमकेश चित्रव्यवसायातील एका जाणकाराला बरोबर घेऊन वसाहतीत जातो, आणि तरीही ओळख पटत नाही. त्यानंतर स्वतः निशानाथ मरतात, आणि थंड पडलेले प्रकरण एकाएकी हाताला चटका देऊ लागते.

कथेच्या आरंभीच एक प्रसंग असा आहे की ज्यात, माझ्या मते, साऱ्या कथेची किल्ली आहे. निशानाथ विचारतात, की 'ब्लॅकमेल' या शब्दाला बंगालीत प्रतिशब्द काय? वरवर पाहता हा भाषाशास्त्रीय प्रश्न आहे. वस्तुतः तो एका घाबरलेल्या माणसाचा कबुलीजबाब आहे. मराठीतही या शब्दाला चपखल प्रतिशब्द नाही, याचा विचार करण्याजोगा आहे. खंडणी उघड मागितली जाते आणि ती देहाला किंवा मालमत्तेला भय दाखवून मिळते. ब्लॅकमेल हा भूतकाळाचा व्यापार आहे; त्यात शस्त्र म्हणजे आठवण आणि माल म्हणजे मौन. एरवीच्या गावात हा व्यापार एखाददुसऱ्याशीच करता येतो. परंतु जी वसाहत मुळात 'मागचे विचारू नये' या पायावर उभी आहे, तेथे प्रत्येक रहिवासी हा या व्यापाऱ्याचा गिऱ्हाईक होऊ शकतो. निशानाथांनी लोकांना क्षमा दिली, पण ती क्षमा मौनाच्या रूपाने दिली. आणि जेथे मौनाला किंमत असते, तेथे कोणी तरी ती वसूल करावयास येणारच. वसाहतीचा गुण आणि तिचे मर्मस्थान ही एकच गोष्ट आहे. एका रहस्यकथेच्या चौकटीत इतका खोल विरोध बसविणे हे सामान्य काम नव्हे.

आणि येथेच अन्वेषकाच्या व्यवसायासंबंधीचा खरा प्रश्न उभा राहतो. ब्योमकेशाला 'गोयेंदा' म्हणवून घेणे आवडत नाही. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवितो. आपल्या 'गुप्तहेर' या शब्दाला राजसत्तेचा वास आहे. हेर हा कोणाच्या तरी वतीने पाहतो. 'सत्यान्वेषी' या शब्दात धनी नाही. परंतु धनी नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे थोडेच आहे? गोलाप कॉलनीत खुनी एक असेल वा दोन. परंतु त्याला शोधण्यासाठी ब्योमकेशाला बाराजणांची बोचकी सोडून पाहावी लागतात. कोणाचा परवाना का गेला, कोणी कोणते पैसे कधी खाल्ले, कोण कोणाची खरोखर पत्नी आहे, हे सारे त्याला विचारावेच लागते. ज्यांनी 'येथे कोणी विचारणार नाही' एवढ्या एका वचनावर आयुष्याची दुसरी पाटी कोरी करून घेतली, त्यांच्यापुढे पहिली पाटी पुन्हा आणून ठेवली जाते. कार्यालयात ज्यांनी एखादी जुनी नस्ती पुन्हा उघडली जाताना पाहिली आहे, त्यांना ठाऊक असते, की ज्या एका कागदासाठी ती उघडली जाते तो एकच कागद बाहेर येत नाही. दोरी सुटली की सारेच कागद टेबलावर पसरतात, आणि ज्याचा प्रकरणाशी काही संबंध नव्हता त्याचाही जुना शेरा कोणाच्या तरी डोळ्यांखालून जातो.

हा प्रश्न शरदिंदूंना ठाऊक होता असे मानावयास आधार आहे. त्यांच्या 'आदिम रिपु' या दुसऱ्या दीर्घकथेत ब्योमकेश सत्य शोधून काढतो, पण खुन्याला पोलिसांच्या हाती देत नाही. सत्य कळणे आणि सत्य जाहीर होणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, आणि पहिली करणाऱ्याने दुसरी केलीच पाहिजे असे नाही, ही जाणीव त्यात आहे. इंग्रजी रहस्यकथेच्या प्रचलित साच्यात शेवटी सर्वांना एका दालनात जमवून सर्वांची गुपिते सर्वांसमोर फोडण्याची जी रीत आहे, तिच्या तुलनेने ही वृत्ती निराळी आहे. ब्योमकेश हा संसारी मनुष्य आहे. त्याला घर आहे, पत्नी आहे, मित्र अजित आहे. घरोघरी मातीच्या चुली असतात हे त्याला पुस्तकावाचून कळते. म्हणूनच त्याच्या हातात इतरांची गुपिते सोपविताना वाचकाला भीती वाटत नाही. आणि नेमका हाच विश्वास निशानाथांना त्याच्या दाराशी घेऊन येतो.

रचनेच्या दृष्टीने पाहिले तर ही कथा रहस्यकथेच्या प्रामाणिकपणाचा उत्तम नमुना आहे. वाचकापासून लपविलेले असे महत्त्वाचे काही नाही. जे अजित पाहतो ते आपणही पाहतो. निशानाथ ऐन उन्हाळ्यातील रात्री मरतात. रक्तदाबाचा जुना विकार असल्यामुळे मृत्यू नैसर्गिक वाटावा अशी सारी सिद्धता आहे. परंतु त्यांच्या पायांत मोजे आहेत. एवढ्या उकाड्यात कोण मोजे घालून झोपतो? हा प्रश्न उघड्यावर ठेवलेला आहे आणि आपण त्यावरून बिनदिक्कत पुढे जातो. तसेच त्या मंदबुद्धी मुलाच्या कानाचे दुखणे. आपण ते करुणरसाचा तपशील समजून वाचतो, आणि पुढे त्याचा अर्थ कळतो तेव्हा आपल्याच करुणेच्या आळसाची लाज वाटते. ज्याच्याविषयी आपल्याला दया येते त्याच्याकडे आपण नीट पाहत नाही, ही गोष्ट लेखकाने केवळ सांगितलेली नाही. ती आपल्यावर प्रयोग करून दाखविली आहे.

असे असूनही या कथेविषयी माझे काही आक्षेप आहेत, आणि ते मांडल्याखेरीज ही चर्चा एकांगी होईल. पहिला आक्षेप शीर्षकाविषयी. चिडियाखाना म्हणजे प्राणिसंग्रह. वसाहतीतील माणसांना पाहून सुशिक्षित पाहुण्याच्या मनात आलेली ही उपमा आहे. आणि ती कथेच्या कपाळावरच लावलेली आहे. अजित हा निवेदक सहृदय असला तरी पिंजऱ्याबाहेरून पाहतो. भाजलेला चेहरा, तुटलेली बोटे, अडखळणारी वाणी यांकडे त्याची नजर प्रथम जाते, आणि रहस्यकथेच्या वाचकालाही व्यंगात पाप शोधण्याची जुनी सवय असते. लेखक या सवयीचा उपयोग आपल्याला चुकविण्यासाठी करतो, हे खरे. डोळ्यांवर येणारी विद्रूपता आणि मनातील विद्रूपता यांची फारकत तो अखेरीस करून दाखवितो, हेही खरे. परंतु तेथवर पोचेपर्यंत त्या माणसांना जो संशय सोसावा लागतो, त्याचे मोल कोणी चुकते करीत नाही. त्या वसाहतीत राहणे म्हणजे काय, सकाळी फुले खुडताना त्यांच्या मनात काय येत असेल, हे त्यांपैकी एकाच्याही तोंडून विस्ताराने आलेले नाही. त्यांना भूतकाळ आहे, उपयोग आहे. वर्तमानकाळ मात्र पुरेसा नाही.

दुसरा आक्षेप पात्रांच्या गर्दीचा. इतकी माणसे एकदम पुढे येतात की पहिल्या वाचनात नावांची टिपणे ठेवावीशी वाटतात. आणि उलगड्याचा भाग, त्यातील युक्ती कितीही कुशल असली तरी, काहीसा व्याख्यानासारखा होतो. मात्र हा दोष या लेखकापेक्षा या साहित्यप्रकाराचा अधिक आहे.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, विचार आहे. निशानाथांची वसाहत ही खरोखर 'वसाहत' आहे का? तेथे सहजीवन आहे, सामाईक श्रम आहेत, परंतु मालकी एकाची आहे. ज्या हाताने आयुष्यभर शिक्षा लिहिल्या त्याच हाताने आता आसरा दिला जातो. न्यायासन गेले तरी उंची राहिली. सर्वांचे भूतकाळ निशानाथांना ठाऊक आहेत, निशानाथांचा भूतकाळ मात्र कोणालाच ठाऊक नाही असे ते समजतात. त्यांच्याही आयुष्यात एक न वाचण्याजोगे पान आहे. आणि ते त्यांनी इतरांसमोर मोकळे केले असते तर कदाचित त्या पानाची किंमत कोणाला मागता आली नसती. येथे सहज आठवण होते ती १९४९ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनाची. तेथेही समाजाने टाकलेली माणसे होती, तेथेही माती आणि श्रम हेच औषध होते. परंतु तेथे ज्या कारणासाठी माणसे टाकली गेली ते कारण झाकण्याजोगे नव्हते. ते सर्वांसमोर होते आणि सर्वांनी मिळून त्याला तोंड दिले. जेथे दुःख उघडे आहे तेथे एकमेकांचा आधार होतो. जेथे ते झाकलेले आहे तेथे एकमेकांची भीती होते. गोलाप कॉलनीत गुलाब फुलले, पण शेजारधर्म फुलला नाही, याचे कारण मला येथे दिसते. खुनी नसता तरी ती वसाहत निशानाथांमागे फार काळ टिकली असती, असे मला वाटत नाही.

या कथेवर सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये चित्रपट काढला. ब्योमकेशाच्या भूमिकेत उत्तमकुमार होते, आणि त्या वर्षीचा दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार राय यांना या चित्रपटासाठी मिळाला. तरीही तो त्यांच्या उत्तम कृतींत गणला जात नाही, आणि स्वतः रायही त्याविषयी फारसे समाधानी नव्हते. चित्रपटात ब्योमकेश जपानी उद्यानतज्ज्ञाच्या वेषात वसाहतीत शिरतो. हा प्रसंग पडद्यावर करमणूक करतो, परंतु त्यामुळे मूळ कथेतील अवघडलेपण जाते. वेषांतर केलेल्या माणसाला कोणाच्या डोळ्यांत पाहून खाजगी प्रश्न विचारण्याचा संकोच बाळगावा लागत नाही. उलट, सुनयनेच्या जुन्या चित्रपटातील म्हणून जे गाणे ऐकू येते, ते राय यांनी स्वतः रचलेले असून हरवलेल्या काळाचा आभास त्यात अचूक साधला आहे. कागदावर ज्या नटीचे केवळ नाव होते तिला तेथे आवाज मिळाला. पुढे १९७४ साली 'सोनार केल्ला'मध्ये राय यांनी दुष्टांची ओळख प्रेक्षकाला आधीच करून दिली. 'गुन्हेगार कोण' हा प्रश्न पडद्यावर अखेरपर्यंत ताणून धरण्यात अर्थ नाही, हा धडा त्यांनी बहुधा 'चिडियाखाना'पासूनच घेतला असावा.

आपल्या या मासिकाचे बरेचसे वाचक सरकारी वसाहतींत राहतात. तेथे तमिळ, पंजाबी, उडिया, मराठी कुटुंबे भिंतीला भिंत लावून असतात आणि कोणाचे पूर्वायुष्य कोणाला ठाऊक नसते. बदलीवर आलेला माणूस आपल्या मागच्या गावातील जेवढे सामान आणावयाचे तेवढेच आणतो. या न विचारण्यात एक मोठी सुटका आहे. जात, घराणे, जुनी भांडणे, एखादे फसलेले लग्न, एखादी गमावलेली बढती, या सर्वांतून मनुष्य काही काळ मोकळा होतो. त्याच न विचारण्यात एक धोकाही आहे, तो असा, की शेजाऱ्यावर संकट आले तर त्याला हाक कोणत्या नावाने मारावी हेच आपल्याला कळत नाही. 'चिडियाखाना' वाचताना खुनाचे कोडे सुटते आणि मग हे दुसरे कोडे उरते. माणसाला विसरण्याचा हक्क द्यावा, हे निशानाथांचे म्हणणे मला पटते. परंतु तो हक्क केवळ शांत राहून देता येत नाही. ज्याला मागचे विसरावयाचे आहे त्याला निदान एक तरी माणूस असा हवा, की ज्याला सर्व ठाऊक आहे आणि जो तरीही सकाळी त्याच्याबरोबर चहा घेतो. निशानाथांना तो माणूस आपल्या बारा माणसांच्या वसाहतीत मिळाला नाही. त्याला शोधीत त्यांना शहरात एका अनोळखी सत्यान्वेष्याच्या बिऱ्हाडी यावे लागले, आणि तोवर उशीर झाला होता. मला या कथेतील खरी शोकांतिका ती वाटते.